डाळ शिजणारं पाणी

आमच्या गावात पाणी चांगलं की वाईट हे तुरीची डाळ ठरवायची. एका उकळीत मऊ झाली तर पाणी हलकं, गोड, पिण्यालायक. दाणा दाताखाली आला तर पाणी जड, वाईट. यापुढे चर्चा नाही. शिरड शहापूरकडून लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात अभिमानानं सांगितलं, की आपल्या बारवेच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते. मीही मान डोलावली. माहेरी आम्ही असंच पाणी पारखायचो. आम्ही बाया मूर्ख होतो हे मला आज कबूल आहे. पुरुष आमच्याहून मूर्ख, कारण ते डाळ शिजवत नव्हते, नुसती खात होते आणि पाण्यावर बोलत होते.

बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी दगडी विहीर. घागर घेऊन खाली उतरायचं, पोटरीभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. वेशीबाहेर महारवाड्याची एक विहीर होती. अरुंद, खोल, तोंडाशी कठडा, पायऱ्या नाहीत. दोर सोडून पाणी ओढायचं. ते पाणी खारट, त्यात डाळ शिजत नसे, कपड्याला फेस येत नसे. गावाच्या लेखी ते वाईट, आणि ज्यांचं होतं त्यांच्यामुळे आणखी वाईट.

दिवस निजामाच्या राज्याचे. माझे सासरे गावातले मोठे कास्तकार, तहसिलीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी अर्ज-विनंत्या करून गावाला नळ आणला. बारवेवर तेलाचं इंजिन बसलं, उंचवट्यावर हौद झाला आणि बाजारात तीन तोट्या लागल्या. पहिली तोटी सासऱ्यांनी आपल्या हातानं सोडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते मी पाहिलं आहे आणि खोटं बोलणार नाही. औंढ्याला दर्शनाला आलेली माणसं वाट वाकडी करून आमची तोटी बघायला यायची.

त्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर माझ्या पायाला नारू झाला. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. घोट्याजवळ फोड येतो, विस्तव ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. ओढला आणि तुटला तर पाय सडतो. आमच्याकडे ही काही नवलाई नव्हती. दर पेरणीला गावातली निम्मी माणसं लंगडत असायची, आणि त्यांनी करायचं काय तेही ठरलेलं होतं. बारवेच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं आणि गार पाण्यात पाय सोडायचा. आग थांबायची. नारूवाल्यांची पायरी म्हणूनच ती ओळखली जायची. मीही तिथं बसले. चांगले आठ दिवस बसले, सकाळ-संध्याकाळ.

पाय फारच सुजला तेव्हा नवऱ्यानं बैलगाडीतून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर. रोज बोटभर जंत ओढून ते काडीवर गुंडाळायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "आग होती तो पाँव पानी में डालते क्या तुम लोग?"

मी व्हय म्हटलं.

"वो पीने का पानी है?"

मी पुन्हा व्हय म्हटलं. त्यांनी काडी सोडली नाही, पण कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. मग नीट समजावून सांगितलं. नारूचा पाय पाण्यात गेला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यात डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे असतात, ते ती पिल्लं गिळतात. ते पाणी माणूस प्याला की वर्षभरानं त्याच्या पायातून नारू निघतो. दोरानं ओढायच्या विहिरीला हा धोका नाही, कारण तिच्यात कुणी पाय घालत नाही. पाणी उकळा, नाहीतर घट्ट फडक्यानं गाळा.

परतीच्या वाटेवर मी गाडीत हिशेब करत होते. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची, नुकतीच अंगावरून सुटलेली, म्हणजे आता वरचं पाणी पिऊ लागलेली. त्या पाण्यात माझाच नारू मी आठ दिवस धुतला होता. घरी पोचताच मी आधी तिचे दोन्ही पाय उलटेसुलटे करून पाहिले. त्या भीतीचाच पुढे राग झाला.

त्याच संध्याकाळी मी सासऱ्यांना पदराआडून सांगितलं, "मामंजी, नळाचं पाणी बारवेचंच हाय. त्याच्यात नारू हाय. पायऱ्या बुजवून घ्या."

"नळाला पायऱ्या हायेत का?" ते म्हणाले. "लोखंडातून येतंय पाणी. उगं नख लावू नको."

मग पाणी तपासणारे साहेब आले. सासऱ्यांनी आदल्या दिवशी हौद घासून घेतला, चुन्यानं पांढरा केला, तोट्यांना आंब्याचे डहाळे बांधले. साहेबांनी काचेच्या दोन बाटल्या भरल्या, वर लाखेची मोहर केली. पाणी नाकाशी नेऊन हुंगलं, उजेडात धरून रंग पाहिला. मग लोकांना विचारलं, पाण्याबद्दल कुणाची तकलीफ? सगळ्या बाया एका सुरात बोलल्या, न्हाई साहेब, डाळ एका उकळीत शिजतीय. साहेबांनी तेही लिहून घेतलं! हैदराबादेहून इतक्या लांब यायचं, बाटल्यांना मोहर करायची, आणि शेवटी डाळीचीच साक्ष घ्यायची.

मी पुढे झाले. सासऱ्यांचं पांढरं धोतर फाटलं होतं, त्याचा तुकडा मी घागरीच्या तोंडाला बांधून आणला होता. तोटीखाली घागर धरली, भरली, फडकं सोडलं आणि वाटीभर स्वच्छ गाळलेल्या पाण्यात उलटं करून झटकलं. वाटी साहेबांपुढे उन्हात धरली. पांढरे कण त्यात टुणटुण उड्या मारत होते.

साहेबांनी पाहिलं. "ये तो हर पानी में होते," ते म्हणाले.

"मग प्या," मी म्हटलं.

साहेब हसले, शिपायाकडे वळले, आणि शिपायानं त्यांना त्यांच्या सुरईतलं पाणी दिलं. महिन्यानं कागद आला की नळाचं पाणी साफ आहे. सासऱ्यांनी तो चौकट करून बैठकीत लावला.

त्या दिवशी घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नवऱ्यानं हात उगारला नाही एवढं त्याचं भलेपण. सासू म्हणाली, "सुनंनं सायबाला प्या म्हनावं? काहून गं, कुनी शिकिवलं तुला?" मला कुणी शिकवलं नव्हतं. मला दोन वर्षांचे दोन पाय दिसत होते, गुळगुळीत, एकही डाग नसलेले.

गाळणं सुरू केलं, तर सासू फडकं काढून टाकायची. तिला तो साहेबाच्या कागदाचा अपमान वाटायचा. तेव्हा मी विचार करू लागले, की या गावात नारू नाही कुणाला? उत्तर रोज आमच्याच रानात निंदायला येत होतं. महारवाड्यातल्या बाया. ऐन पेरणीत आमच्या घरची माणसं पाय धरून बसलेली असायची, आणि त्या ताठ पायांनी काम करायच्या. वर्षानुवर्षं आम्ही हे पाहिलं होतं आणि म्हणत होतो, त्यांची चामडी जाड आहे.

मी घागर घेतली आणि वेशीबाहेर गेले. भर दुपारी, बाजारातून. विहिरीवर एक बाई पाणी ओढत होती. आमच्या रानात तीच मुकादमीण असायची, माझ्या आईच्या वयाची. मी पाणी मागितलं. ती दोर धरून तशीच उभी राहिली.

"बाई, पानी तुमी न्याल अन् मार आमाला बसंल," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आपण मोठं धाडस करून राहिलो या तोऱ्यात मी आले होते. मी तिला लेकीचं सांगितलं, नारूचं, डॉक्टरांचं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आमचं पानी चांगलं हाय म्हनता?"

"तुमचंच चांगलं हाय."

ती जरा वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "तुमीच गावात सांगा, मी मागून नेलं म्हनून. सगळ्यायसमोर सांगा." आणि तिनं माझी घागर भरली. मी बाजारात थांबून तीन ठिकाणी सांगितलं.

सासूनं ती घागर उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मग ती गोठ्यात राहिली, शेळ्यांच्या शेजारी. स्वयंपाक नळाच्या पाण्यात, ते उकळतं म्हणून. प्यायला मी आणि माझी लेक गोठ्यात. बायांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. विटाळलेली म्हणाल्या, येडी म्हणाल्या, आणि एकीनं तर सांगितलं की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, येतं, आणि येईल तेव्हा पहिली तुझ्याच दारी येईन. ती महिनाभर मला टाळून दुसऱ्या गल्लीनं जायची.

पुढची पेरणी आली. नळ आल्यावर नारू जाईल असं ज्यांना वाटलं होतं ते सगळे पाय धरून बसले. पूर्वी निदान बारव लांब पडायची ती घरं आपल्या मळ्यातल्या विहिरीचं प्यायची. आता तोटीनं ते पाणी बाजारातच सगळ्यांना आणून दिलं होतं. सासूला दोन नारू निघाले. माझी लेक अंगणात धावत होती. हे कुणाला न दिसण्यासारखं नव्हतं. सासू एका सकाळी खाटेवरून म्हणाली, "तुझ्या घागरीतलं दे." मी दिलं. ती प्याली आणि खारट म्हणून तोंड वाकडं केलं, पण तांब्या रिकामा केला.

मला वाटलं, जिंकले. आता बारवेच्या पायऱ्या बुजतील. पण बैठकीत पुरुष जमले आणि वेगळंच ठरलं. महारवाड्याची विहीर गावानं घ्यायची. भटजींकडून शुद्ध करून घ्यायची, नवा दोर लावायचा, आणि वस्तीनं यापुढे नळाचं पाणी प्यायचं, त्यांच्यासाठी चौथी तोटी वेशीबाहेर काढून देऊ. सासऱ्यांना यात फार मोठेपणा वाटत होता. मी दाराआड ऐकत होते आणि माझे कान तापले. मीच यांना ती विहीर दाखवली होती. मी बोट दाखवलं नसतं तर यांनी जन्मात तिकडे पाहिलं नसतं. इतकी लाज मला बाजारात साहेबापुढे उभी राहूनही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सगळे विहिरीवर गेले. मीही गेले, लेकीला कडेवर घेऊन. वस्तीची माणसं कठड्याभोवती उभी होती. सासऱ्यांनी ठरलेलं सांगितलं. "तुमाला नळ देऊन राहिलो," ते म्हणाले, "मोठ्या मनानं."

मुकादमीण कठड्याला टेकून होती. "मालक, जे पानी तुमच्या लेकराला चालत न्हाई ते आमच्या लेकरानं प्यायचं व्हय?"

तिनं बादलीचा दोर हाताला गुंडाळला.

"पान्याला न्हाई म्हनत न्हाई आमी. कितीबी प्या. पन ओढनार आमी. तुमी खाली बसा अन् ओंजळ धरा."

आमच्याकडे त्या वस्तीतलं माणूस तहानेलं आलं तर असंच पाणी मिळायचं. दारापुढे उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं, भांड्याला स्पर्श होऊ द्यायचा नाही. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक पुरुषानं ते पाणी ओतलेलं होतं. एकही जण हलला नाही. नवा दोर एकाच्या खांद्यावर तसाच होता.

मी लेकीला खाली ठेवलं, पदर खोचला, मातीत बसले आणि ओंजळ धरली. मुकादमिणीनं बादलीतून धार सोडली. मी पोटभर प्याले. मग लेकीला शेजारी बसवलं. तिनं तिची एवढीशी ओंजळ धरली, निम्मं सांडलं, निम्मं प्याली आणि अजून मागितलं. सासरे समोर चार हात अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं, पागोटं सारखं केलं आणि मागे फिरले. दोरवालाही त्यांच्या मागून गेला. विहीर वस्तीचीच राहिली, आणि दुसरा उपाय उरला नाही तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात बारवेच्या पायऱ्या एकदाच्या चिऱ्यांनी बंद झाल्या.

त्या दिवसापासून सासऱ्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मीही कधी मनधरणी केली नाही. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दुपारी घशाला कोरड पडली होती. मी तांब्या नेला तर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी तांब्या आता हाताशी आलेल्या लेकीकडे दिला. तिनं आजोबांची मान उचलून धरली, आणि तिच्या हातचं पाणी ते घोट घोट प्याले.