सकाळी आठची पट्टी

अर्ज लिहिण्याच्या माझ्या व्यवसायात मला सर्वांत अधिक तिरस्कार वाटत आला आहे तो शिकलेल्या माणसाचा. माझे शिक्षण नववीपर्यंत. परंतु हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची शिस्त मला आहे, आणि ती पदवीबरोबर मिळत नाही.

कर्वेनगरातले एक जोडपे कचेरीबाहेर माझ्या टेबलाशी आले, तेव्हा याचा पुन्हा प्रत्यय आला. बाई धुतलेल्या, चिरलेल्या सॅलडची पाकिटे वसतिगृहांच्या मेसना पुरवीत. यजमान सरकारी नोकरीतून निवृत्त, म्हणून सर्वज्ञ. पाकिटांत जंतू सापडले होते आणि परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा अन्न खात्याच्या नोटिशीने दोन दिवसांत मागितला होता. बाईंनी बारा वर्षे खपून उभे केलेले काम आणि हाताखालच्या चार बायकांच्या चुली त्या खुलाशावर अवलंबून होत्या.

"लिहा, शेतकऱ्यांकडूनच माल खराब येतो," यजमानांनी फर्मावले. "आमच्याकडे रोज क्लोरीनचं औषध घालतात. हा पुरावा." त्यांनी वही उघडली. पाण्यातले औषध तपासण्याच्या कागदी पट्ट्या तीत ओळीने चिकटवल्या होत्या. सगळ्या गर्द जांभळ्या, आणि प्रत्येकीपुढे एकच वेळ: सकाळी आठ.

"दुपारची पट्टी कुठे आहे?" मी विचारले.

"दुपारी कशाला? टाकी सकाळी भरतो. पाणी दिवसभर तेच असतं."

"तेच असतं, हाच तर आरोप आहे."

"अहो, आपण अर्ज लिहा. आम्हाला शिकवू नका."

नोटिशीला दोन पानी सूचनापत्रक जोडलेले होते. ते त्या घरात कोणी वाचलेले नव्हते, कारण वाचण्याचे खाते यजमानांकडे होते. ते औषध भाजीपेक्षा पाण्यासाठी असते. एका जुडीवरची घाण पाण्यातून पुढच्या जुडीला लागू नये म्हणून. मातीपाल्याने ते संपत जाते, म्हणून पुन्हा तपासायचे, पुन्हा घालायचे, पाणी बदलायचे. इतके सरळ मराठीत छापलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्या शेडमध्ये गेलो. साडेअकरा वाजले होते. टाकीतले पाणी उसाच्या रसासारखे झाले होते आणि त्यात कोथिंबिरीमागोमाग काकड्या बुडत होत्या. मी पट्टी बुडवली. ती पांढरीच राहिली.

यजमानांनी तत्परतेने टोपणभर औषध ओतले, पाणी ढवळले, नवी पट्टी बुडवली. "बघा, झाली की जांभळी!"

"झाली. आणि मघाशी धुतलेली काकडी?" मी म्हणालो. "सकाळी चहात साखर घातली म्हणून संध्याकाळचा कप गोड लागतो का आपल्याकडे?"

चिरणाऱ्या बायकांपैकी एक फिस्सकन हसली. बाई हसल्या नाहीत. मघाच्या सगळ्या काकड्या त्यांनी कचऱ्याच्या पिंपात ओतल्या.

"लिहा, चूक झाली म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि आता काय करणार, तेही लिहा."

"कबुली? मी असल्या कागदावर सही करणार नाही," यजमान कडाडले.

"तुमची मागितलीय कोणी? परवाना माझ्या नावावर आहे."

तो खुलासा मी आजवर लिहिलेल्या उत्कृष्ट खुलाशांपैकी एक होता. परवाना राहिला, दर अर्ध्या तासाला तपासण्याच्या अटीवर.

महिन्याभराने बाई वहीच्या प्रती खात्याला सादर करण्याचा अर्ज लिहून घ्यायला आल्या. यजमान मनगटावर घड्याळ बांधून मागे उभे होते. पाने चाळताना जांभळ्या रांगेत मला एक फिकट पट्टी दिसली. गेल्या आठवड्यातली, वेळ साडेअकरा. पुढे बाईंच्या अक्षरात लिहिले होते: पाणी बदलले, आधीच्या पट्टीनंतर धुतलेली सर्व भाजी टाकली.

"ही एक तेवढी काढून टाकू या म्हटलं होतं मी," यजमान पुटपुटले. "वही खराब दिसते."

मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्या पानाची प्रत मी सर्वांत वर ठेवली.