जांभळीचा कायदा

काही लोक जुनी नाणी जमवतात, माझ्याकडे हेलपाट्यांचे किस्से साठलेत. दोन हजार सालानंतर किन्हवलीत मी कॉम्प्युटर क्लास काढला ना, तिथपासून! नेट नसेल तर पोरं शहापूरला जाणार आणि क्लास बुडणार, हे उघड होतं. कल्याणची एक कंपनी केबलच्या वायरमधून नेट द्यायला तयार होती. पण गावात वायर एकच, केबलवाल्या बाळारामची.

तो म्हणाला, "मास्तर, वायर माजी. माजंच नेट घ्या. दुसऱ्याचं यातून नाय जानार!"

घेतलं त्याचं. पण क्रिकेटची मॅच लागली की हा नेट बंद करायचा. का? तर "नेटमुळं चित्र हालतंय!" पोरं रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहायची. मला अक्षरशः रडू यायचं.

*

सरपंचांकडे गेलो. "गटार आमचं, नळ आमचा. नेट दिल्लीचं. आमी काय करनार?"

दिल्लीला दूरसंचार खात्यात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, "ये तो लोकल मामला है, वहीं सुलझा लो." तरी मी तक्रार नोंदवायला लावलीच.

परत सरपंच. दिल्लीनं तुमच्याकडेच पाठवलंय म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच! "दिल्लीला आपली किन्हवली ठाव हाय?" चहा मागवला. दिवसभर येईल त्याला हीच बातमी सांगत बसले. माझं काम तिथंच राहिलं.

*

शेवटी कामी आल्या तुळसाकाकू. आमच्याकडे केबलच्या वायरी झाडांवरून जायच्या. ज्याचं झाड, त्याला केबल फुकट आणि त्याला दुखवायचं नाही, हा रिवाज. अर्ध्या गावाची वायर काकूंच्या जांभळीवरून गेलेली.

काकू अंगणातून ओरडल्या, "बाळ्या, पोरांना पायजे तां नेट सोड, नायतर उतरव तुजी वायर!"

संध्याकाळच्या आत कल्याणचं नेट चालू!

*

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. त्यांच्या मुलांनी जांभळी तोडली. बाळारामनं तिथं लोखंडी खांब रोवला आणि माझं नेट काढून टाकलं. भांडायला गेलो तर म्हणतो, "मास्तर, आता खांबाला विचारा!"

क्लास बंद झाला.

*

कॉम्प्युटर पोत्यांत बांधून झाल्यावर एक दिवस दिल्लीत नोंदवलेल्या माझ्या जुन्या तक्रारीची चौकशी करायला एक साहेब आले! विचारलं, "या केबलवर कंट्रोल कोणाचा होता? स्थानिक की केंद्राचा?"

मी त्यांना काकूंच्या अंगणात नेलं आणि जांभळीचा खुंट दाखवला.

साहेबांनी खुंटाभोवती एक फेरी मारली. चष्मा पुसला.

"हं. आणि हे कुठल्या खात्याकडे येतं?"