भुताचे श्वास घेणारी बाई

भुताच्या नावावर पोट भरणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण भुताच्या वतीने श्वास घेऊन मेहनताना मिळवणारी मी एकच पाहिली. एरवी ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वाफेच्या इस्त्रीवर उभी असते. कोट, पडदे, लग्नातले झगे, मुलांचे गणवेश. पायाखालचा खटका दाबला की वाफेचा लोट उसळतो. तेवढ्यात श्वास आत ओढायचा, वाफ विरेपर्यंत धरायचा आणि मगच सोडायचा. हे तिला कुणी शिकवलं नाही. वाफेनं शिकवलं. गिऱ्हाइकं तिला इस्त्रीवाल्या बाई म्हणतात. आमच्या डबिंग स्टुडिओत ती सगळ्यांची काकू.

काकू आमच्याकडे आल्या त्या लेकीमुळे. लेक कॉलेजात शिकते आणि तिचा आवाज असा की नुसता पत्ता विचारला तरी समोरच्याला आपल्यावर उपकार झाल्यासारखं वाटावं. तिला एका अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिकेत नायिकेचा आवाज द्यायचा होता. संवाद मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. मालिकेची गोष्ट ऐकून मीही आधी हसलो होतो; पैसे ठरल्यावर गंभीर झालो.

गोष्ट अशी. एका हायस्कूलच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती वारलेली आहे, पण प्रवेश रीतसर झालेला असल्यामुळे रोज हजर असते. ती दिसते फक्त शेजारच्या बाकावरच्या मुलाला. तो तिच्याशी बोलतो तेव्हा वर्गाला वाटतं, हा खिडकीशी बोलतोय. पावसात तो छत्री तिच्याकडे तिरकी धरतो आणि स्वतः चिंब होतो. डब्यातलं अर्धं तिला देतो आणि तास संपला की तेही अर्धं स्वतःच खातो. प्रेमाचं इतकं काटकसरी रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता अशा मालिकांतल्या मुली बोलतात त्याहून जास्त श्वास घेतात. दचकल्या की श्वास, लाजल्या की श्वास, मुलाचा हात चुकून लागला की दोन. पडद्यावरच्या ओठांशी जुळवून हे सगळं माइकसमोर करावं लागतं. लेकीचं घोडं नेमकं तिथं अडलं. लांबलचक संवाद ती एका दमात म्हणायची, पण ‘लाजून श्वास घे’ म्हटलं की तिला हसूच फुटायचं. काळ्या माइकला कसं लाजायचं, हा तिचा प्रश्न होता. डबिंगच्या दिग्दर्शिका, आमच्या बाई, मोठ्या सोशिक. त्यांनीही शेवटी डोक्याला हात लावला. बाहेरच्या सोफ्यावर काकू दुकानातल्या एप्रनसकट लेकीला न्यायला येऊन बसल्या होत्या. बाईंनी दार उघडून विचारलं, काकू, तुम्ही बघता का जरा करून? काकूंना वाटलं काही इस्त्री करायचंय. त्या लगेच उठल्या.

श्वास त्यांनी पहिल्या फटक्यात घेतला. सोडला मात्र असा की माइकवर उशी आपटल्यासारखा धप्प आवाज आला. आमचा रेकॉर्डिस्ट, ज्याला आम्ही कानसेन म्हणतो, आधी समजावत होता, माइक सरकवत होता. मग भाग पाठवायची वेळ आली तेव्हा त्यानं सरळ कात्री चालवली. काकूंचे सगळे सोडलेले श्वास कापून टाकले, घेतलेले तेवढे ठेवले. चूकच होती ती, आणि घाईतली. पण जोडलेला भाग आम्ही ऐकायला बसलो. खिडकीतली मुलगी श्वास आत घेत होती, पुन्हा आत घेत होती, आणि तो बाहेर कधी येतच नव्हता.

बाई म्हणाल्या, “म्हणून ती अडकलीय इथं.”

मूळ मालिकेत असलं काही नव्हतं. तिथली नटी मुबलक श्वास सोडते. पण आमच्याकडे त्या दिवसापासून कायदाच झाला: भूत श्वास घेतं, सोडत नाही. काकू दुकानातून दुपारच्या सुट्टीत यायच्या, हात पुसून माइकसमोर उभ्या राहायच्या आणि हवा आत ओढायच्या. मी लिहून पोट भरतो, आश्चर्य वाटून घेणं माझ्या धंद्याला परवडत नाही. तरी त्या पंचावन्न वर्षांच्या, टाचा दुखणाऱ्या बाईच्या गळ्यातून सोळा वर्षांची मुलगी हळूच आत शिरताना ऐकली की माझ्या हातावर काटा यायचा. दर वेळी यायचा.

मालिका चालली. बघणारी पोरं म्हणू लागली की ती श्वास घेते तेव्हा आपला अडकतो. कौतुक अर्थातच लेकीच्या वाट्याला आलं, कारण नाव तिचं. कॉलेजात मैत्रिणी घेरायच्या आणि तो श्वास करून दाखव म्हणायच्या. ती घसा बसल्याची थाप मारायची. बोललेल्या वाक्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. हळूहळू ती आईबरोबर यायची बंद झाली. दोघी वेगवेगळ्या वेळी येऊ लागल्या. काकू मला म्हणाल्या, घरात हल्ली मीठ मागण्यापुरतंच बोलणं होतं.

आणि शेवटचा भाग आला. मुलाचा शाळेतला शेवटचा दिवस. तो बाहेर, ती काचेच्या आत. मूळ भागात इथे एकही शब्द नाही. ती काचेवर श्वास सोडते, काचेवर प्रथमच वाफ धरते, म्हणजे तिच्यात जीव आला. तो पाहतो, आणि ती नाहीशी होते. संपलं. पण मालिका घेणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला: इतके भाग बघून लोकांना प्रेम ऐकू यायला नको का? तिथे वाक्य घाला. मी घातलं: “मला तू आवडतोस.” यापेक्षा वाईट वाक्यं मी लिहिली आहेत, पण इतकं अनावश्यक क्वचितच.

बाईंनी ठरवलं, दोन्ही रेकॉर्ड करू, एकच ठेवू. म्हणजे काकूंचा श्वास राहणार, नाहीतर लेकीचं वाक्य. लेक चहाच्या मशीनपाशी माझ्याजवळ आली, पेला नुसताच फिरवत राहिली.

“ती मुलगी सगळी आईचीच झालीय,” ती म्हणाली. “तिथं तरी मला असू दे.”

वाक्य माझं होतं, तरी मी त्याच्या बाजूनं नव्हतो.

लेक आधी उभी राहिली. वाक्य तिनं सुरेख म्हटलं. बाईंनी मान डोलावली. मग कानसेननं ते चित्रावर ठेवून दाखवलं. काचेवर वाफ पसरत होती आणि तिच्यावर ते वाक्य नव्या सदऱ्यावर राहून गेलेल्या किमतीच्या चिठ्ठीसारखं लटकत होतं. लेकीनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाली, काढून टाका, आई करेल. आणि खुर्चीवर जाऊन बसली. चेहरा असा की कुणी तिच्याकडे बघेना.

काकू आत गेल्या. प्रसंग एकदा पाहिला, आणि मान हलवली.

“मी नाही सोडणार.”

“काकू, एकच तर आहे,” बाई म्हणाल्या.

“इतके दिवस मी आत घेतला. माझं काम झालं. सोडायचा तिनं.” मग स्टुडिओच्या काचेपलीकडच्या लेकीकडे बघून म्हणाल्या, “ये गं.”

“मला हसू येतं, आई.”

“येऊ दे. जित्या माणसालाच येतं ते.”

कानसेननं बोलता बोलता दुसरा माइक लावला. दोघी शेजारी उभ्या राहिल्या. पडद्यावर मुलगी काचेजवळ आली. काकूंनी श्वास घेतला, लांब, खोल, आजवरच्या सगळ्यांहून मोठा, आणि धरला. लेकीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू चढताना मला दिसत होतं. ते तिनं दाबलं नाही. तोंड उघडलं आणि श्वास बाहेर आला, थरथरत, हसऱ्या काठाचा, आणि नेमका त्याच क्षणी काचेवर वाफ धरली. काकूंची छाती तेव्हाच खाली बसली. दोन बायका होत्या, हे शपथेवर सांगतो. श्वास एकच होता.

कानसेननं दोन्ही आवाज जोडायला घेतले. सांधा शोधत तो संध्याकाळपर्यंत बसला. दोन माइक, दोन गळे, म्हणजे कुठेतरी जोड असणारच, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. तोवर मायलेकी निघूनही गेल्या होत्या. दुकानात कोट पडले होते, आणि लेक म्हणे पहिल्यांदाच वाफेच्या इस्त्रीवर उभी राहणार होती. जोड सापडली नाही.

भाग वाक्याशिवाय गेला. आता कंपनी रागावणार म्हणून आम्ही उत्तरं जुळवून ठेवली होती. चार दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. म्हणाला, ते शेवटचं वाक्य फार छान आलंय, मुलीनं अगदी हळू म्हटलंय, पण स्पष्ट ऐकू येतंय.

बाईंनी आभार मानले. मी तो प्रसंग पुन्हा लावून ऐकला, मोठ्या आवाजात, मग डोळे मिटून. नुसता श्वास. शब्द कुठेच नाही. पण तो माणूस मी चांगला ओळखतो. ऐकू न आलेलं ऐकू आलं म्हणण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्यापाशी नाही.