वाऱ्याकडे वळणारी थोरली

चष्मेवाल्यांनी जाहिरात दिली ती एका ओळीची. ‘शर्यतीस आणि सफरीस सारखीच योग्य, वापरलेली शिडाची होडी विकणे आहे.’ ओळीतला शब्द न् शब्द खरा होता आणि तो खरेपणाच तिला नडला. शर्यतवाले यायचे, आत वाकून पाहायचे, तिथली शेगडी, गाद्या, भांड्यांची फळी बघून म्हणायचे, “काका, हा तर थाटलेला संसार आहे. एवढा संसार पोटात घेऊन ही पळणार कशी?” सफरवाले यायचे, ती उंच डोलकाठी मान मागे टाकून न्याहाळायचे आणि म्हणायचे, “छान आहे हो, पण वाऱ्यात फार कलत असेल. आमच्या आईंना झेपायचं नाही.” एकाला ती फार घरगुती, दुसऱ्याला फार अवखळ. दोन्ही गुण अंगी असलेल्या मुलीला दोन्हीकडून नकार यावा, तशी ती धक्क्याला बांधलेली राहिली.

विकायची हौस त्यांना नव्हती. चष्मेवाल्यांच्या कानात काही बिघडले होते. उभ्या जागी भोवळ यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, जमिनीवर चाला, भिंतीला धरून चाला, पण हलत्या फळीवर पाय ठेवू नका. धक्क्यावरची जागा मोसमाअखेर सोडायची होती. तोवर गिऱ्हाईक मिळाले तर ठीक, नाही तर होडी मोडीत जाणार. तिचे लाकूड एकीकडे, तळाशी वजनाला घातलेले शिसे दुसरीकडे, तारा तिसरीकडे. तो विचार मनात आला की दुकानात काच घासता घासता त्यांचा हात थांबायचा.

मोठा गोड माणूस. बाजारातल्या अरुंद दुकानात, खिडकीशी लावलेल्या चाकावर त्यांनी जन्मभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवायचा, दोन पावले मागे सरकायचे आणि हलकेच विचारायचे, “आता?” समोरचा माणूस भिंतीवरचे बारीक अक्षर वाचू लागला की त्यांचाच चेहरा उजळायचा, जणू दृष्टी त्यांना मिळाली. देवाने मला दुसऱ्याच्या डोळ्यांतून जग दाखवले, असे ते म्हणत, आणि त्यात दिखाऊपणाचा लवलेश नसे. सुट्टी मिळाली की मात्र ते होडीचे. मुले आपापल्या गावी रमल्यावर तर होडी हेच तिसरे माणूस.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे तिसरे माणूस प्रथम अजिबात खपत नव्हते. त्या तिला सरळ सवत म्हणत. “गेली स्वारी सवतीकडे,” असे शेजारणीला सांगत. “माझ्या साडीला इस्त्री नाही, पण तिच्या शिडाला सुरकुती चालायची नाही.” पुढे एक दिवस असा उगवला की काकूंनी सवत हा शब्द टाकला तो टाकलाच. त्या दिवसापासून होडी झाली थोरली. घरातल्या थोरल्या बाईचे नाव घ्यावे, तशा आदराने त्या म्हणू लागल्या, “थोरलीला विचारा. थोरलीला बरं वाटत नाही. थोरलीला ऊन लागतंय, कापड घाला.”

तो दिवस फक्त त्या दोघांना ठाऊक होता. नातेवाइकांना कळले असते तर होडी त्याच दिवशी बंद झाली असती, म्हणून दोघांनी तोंडाला कुलूप घातले. झाले होते ते असे. भरल्या वाऱ्यात दोघेच निघाले होते. काकू खाली चहा ठेवत होत्या. अडकलेला दोर सोडवायला चष्मेवाले काठावरून वाकले, पाय सटकला आणि ते पाण्यात गेले. हाक मारायलाही सवड मिळाली नाही. काकूंना सुकाणूतले ओ की ठो कळत नव्हते. शिडे भरलेली, वारा पाठीशी घेतल्यासारखी धावणारी होडी, आणि तिच्यावर चहा गाळणारी एक बाई.

पण त्या होडीची एक खोड होती. तिची डोलकाठी किंचित मागे झुकलेली, त्यामुळे ती सतत वाऱ्याकडे तोंड वळवू पाहायची. सरळ न्यायचे तर सुकाणूचा दांडा सारखा ओढून धरावा लागे. हात भरून येई, तळव्याला घट्टे पडत. हात सुटला की ती आपण होऊन वाऱ्यात वळायची आणि थांबायची. त्या दिवशी हात सुटला. ती वळली. शिडे फडफडली, वेग गळून पडला, आणि मालक मागे राहिलेल्या गाईसारखी ती जागच्या जागी उभी राहिली.

काकू कप घेऊनच वर आल्या. “अहो, हा कसला फडफडाट लावलाय?” असे म्हणाल्या आणि पाहतात तो समोर कोणीच नाही. मग पाण्यातून हाक आली. शिडी सोडायची एवढे त्यांना माहीत होते, ती त्यांनी सोडली. चष्मेवाले वर आले, धापा टाकत फळीवर पडले.  काकू म्हणाल्या, “चहा गार झाला,” आणि मग रडल्या.

बोलावले नाही, विनवले नाही, आणि ती थांबली. जिवंत माणसेही कधी कधी थांबत नाहीत, आणि हे लाकूड थांबले. चष्मेवाले काकूंना म्हणत, परमेश्वर त्या दिवशी कुठल्या रूपात आला ते मला विचारू नकोस, मी त्याला दरवर्षी रंग देतो.

तर अशी ती थोरली. मोसम संपत आला, आणि अखेर एक बहीणभाऊ होडी पाहायला येतो म्हणाले. ताई रुग्णालयात परिचारिका, दोन मुलांची आई. भाऊ धाकटा, पोहण्याचा शिक्षक, शर्यतीचे वेड लागलेला. दोघांनी मिळून एकच होडी घ्यायची ठरवली होती.

आदल्या दिवशी गोदीतल्या मिस्त्रींनी चष्मेवाल्यांना गाठले. या मिस्त्रींनी अनेक वर्षे थोरलीच्या डोलकाठीला धरणाऱ्या तारा ताणल्या होत्या. ते म्हणाले, “चष्मेवाले, त्या पोराचा हात शर्यतीचा आहे. ही ओढ त्याला दांडा धरताक्षणी कळणार आणि तो उठून जाणार. पुढच्या तारेचा पेच थोडा आवळतो, मागचा सैल करतो. काठी उभी राहील, खोड जाईल. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढं काम.”

“नको, मिस्त्री.”

“का नको? ही गेली नाही तर मोडीत जाईल, आणि मोडायला मलाच लावतील. माझे हात वळायचे नाहीत हो.”

“राहू द्या. जशी आहे तशी दाखवू,” एवढेच बोलून चष्मेवाले घरी गेले. कारण सांगितले नाही. इतकी वर्षे न सांगितलेले आता काय सांगायचे, असे वाटले.

सकाळी बहीणभाऊ आले. चष्मेवाल्यांनी त्यांना खाली नेऊन शेगडी दाखवली, झोपायच्या जागा दाखवल्या. भाऊ डोके आपटत म्हणाला, “ताई, ही शेगडी काढू या. वजन आहे.”

“आधी तुझं पोट काढ. त्याचं वजन जास्त आहे.”

“शर्यतीत चहा कोण पितो?”

“शर्यत तुझी. एरवी होडी माझी नि मुलांची. तू नसशील तेव्हा मी एकटी असणार आहे, हे लक्षात ठेव.” मग ती चष्मेवाल्यांकडे वळली. “काका, खरं सांगा. मी एकटी, दोन मुलं, आणि मला काही झालं तर?”

चष्मेवाले काही सांगणार, तोच वरून मिस्त्रींनी हाक दिली, “वारा चांगलाय, निघा आता.”

मनातल्या मनात डॉक्टरांची क्षमा मागून चष्मेवाले एका कोपऱ्यात टेकून बसले. त्या धक्क्यावर एक रीत होती. होडी पारखायला नेली की विकणाऱ्याने सुकाणूला हात लावायचा नाही. माल आपले बोलणे आपण बोलेल. म्हणून दांडा भावाच्या हातात होता आणि चष्मेवाल्यांचे दोन्ही हात मांडीवर. काकू आणि मिस्त्री धक्क्यावरच्या बाकावर बसून पाहत होते.

शिडे भरली. होडी कलली, सावरली, धावू लागली. भावाचा चेहरा फुलत गेला. “बघ ताई, एका बोटावर चाललीय. सुतासारखी सरळ. काका, मला लोकांनी घाबरवलं होतं, जुनी होडी हाताला ओढते म्हणून. हिला तर ओढच नाही.” आणि थोडा वेळ गेल्यावर, “ताई, मला दुसरी बघायची नाही. ही घेऊ.”

व्हायचे ते झाले होते. थोरलीला घर मिळाले होते. चष्मेवाल्यांनी फक्त मान डोलवायची होती. पण त्यांचे डोळे त्या एका बोटावर खिळले होते. एका बोटावर? जिने माझ्या तळव्याला घट्टे पाडले, ती एका बोटावर? त्यांनी वर पाहिले. काठी ताठ उभी होती. मिस्त्रींनी प्रेमापोटी पहाटेच येऊन काम उरकले होते, हे त्यांना कळून चुकले.

ते हळूच म्हणाले, “हात सोड बरं जरा.”

भावाने हात सोडला. थोरली सरळ गेली. सरळ, वेगाने, पुढे. तिने मान वळवली नाही. आणि चष्मेवाल्यांना मागे फेसाच्या पट्ट्यात एक डोके दिसले, आपलेच. लांब लांब जाणारे.

गप्प राहावे का? गप्प राहिले तर होडी वाचते. बोलले तर कदाचित मोडीत जाते. ज्या माउलीने आपल्याला वाचवले तिला वाचवायचे, तर तोंड मिटून बसायचे. पण समोर ताई बसली होती, आणि तिचा प्रश्न अजून हवेत तरंगत होता. जन्मभर लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून काचा घासल्या, आणि आज हिच्या डोळ्यांवर पट्टी बांधू?

“पोरांनो,” ते म्हणाले, “ही ती होडी नाही. ती मी तुम्हाला दाखवतो. धक्क्याकडे घ्या.”

धक्क्याला लागल्यावर त्यांनी सगळे सांगितले. पाय सटकला ते, चहा गार झाला ते. काकू बाकावरून उठून आल्या होत्या. दोन शब्द ऐकूनच काय चालले आहे ते त्या समजल्या आणि पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. मिस्त्री ऐकत ऐकत खाली बसले.

“मला कधी बोलला नाहीत,” ते म्हणाले. “मी भल्यासाठी केलं हो.”

“माहीत आहे मला. तुम्ही तिलाच वाचवायला गेलात. तुमचे उपकार मी कुठे ठेवू? फक्त पेच होता तिथे आणा.”

मिस्त्रींनी पेच फिरवले, काठी पुन्हा मागे झुकली. या खेपेला दांडा ताईच्या हातात. वाऱ्यात जाताच तिचा हात ताणला गेला, खांद्यापर्यंत. “बाप रे, ही तर हट्टी पोरासारखी ओढतेय.”

“आता सोड.”

तिने हात सोडला. थोरली वळली. कोणी नाव घेऊन हाक मारावी तशी वळली, वाऱ्यासमोर आली, शिडे फडफडली, आणि थांबली. पाणी शांत झाले. 

भाऊच आधी बोलला, आणि तोही प्रामाणिक होता. “काका, गोष्ट ऐकून अंगावर काटा आला. पण शर्यतीत असा हात ओढला गेला तर शेवटापर्यंत भरून येईल. मागे पडू आपण.”

“येऊ दे भरून,” ताई म्हणाली. “तुझा हात मी चोळून देईन. बुडालेली मुलं मला चोळून वर आणता येणार नाहीत. मी हीच घेणार. तू नाही म्हणालास तर एकटी घेईन.”

“मी नाही कुठे म्हणालो? तू तर लगेच वाटणीवर आलीस.”

धक्क्यावर परतल्यावर मिस्त्री घसा खाकरून पुढे झाले. “मला बोलायला तोंड नाही, पण बोलतो. तो पेच आहे, खिळा नाही. शर्यतीच्या दिवशी काठी उभी करा, सगळे जण घट्ट धरून बसलेले असतात, कोणी पडलं तरी उचलायला चार माणसं असतात. सफरीच्या दिवशी काठी मागे घ्या. कुठपर्यंत फिरवायचं त्या दोन्ही खुणा मी लावून देतो. मजुरी नको. ती माझ्याकडून थोरलीला.”

 इतकी वर्षे चष्मेवाले या खोडीचे आभार मानत आले आणि तिला बोट लावू देत नव्हते. आणि जो माणूस तिला मिटवायला निघाला होता, त्याच्याच हातून तिला दोन्ही वाटा मोकळ्या झाल्या. जाहिरातीतली ओळ अखेर कोणाला तरी पूर्ण पटली.

नेण्याच्या दिवशी ताईची मुले आली. काकूंनी होडीचा काठ फडक्याने पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग फडके घडी करून कमरेला खोचले आणि हात काठावर ठेवून म्हणाल्या, “थोरल्या बाई, माझं माणूस मला परत दिलंत. आता या पोरांना सांभाळा. आणि चहा त्यांना गरम मिळू दे.”

 चष्मेवाल्यांनी हात जोडले. होडीला, मिस्त्रींना, पाण्याला, ज्याचे त्याला.

होडी निघाली. वारा जमिनीकडून होता, धक्क्यावरून समुद्राकडे वाहणारा. ती किनाऱ्याला समांतर थोडे अंतर गेली असेल, तेव्हा ताईने मुलांना जवळ घेऊन काही दाखवल्याचे दिसले. तिने दोन्ही हात वर केले. दोन्ही मुलांनीही केले. सुकाणूवर कोणाचाच हात उरला नाही.

आणि थोरली वळली. वारा जिकडून येत होता तिकडे, म्हणजे धक्क्याकडे, म्हणजे या दोघांकडे तोंड करून ती उभी राहिली. शिडे फडफडत होती. मुले हसत होती, पाण्यावरून त्यांचे हसू ऐकू येत होते.

“अहो,” काकू म्हणाल्या, “ती बघतेय.”

“हो,” चष्मेवाले म्हणाले, आणि त्यांनी भोवळ येऊ नये म्हणून काकूंचा खांदा धरला. “अगदी स्पष्ट दिसतंय.”

मग ताईने दांडा हाती घेतला, शिडे भरली, आणि ती गेली.