बहाव्याच्या पिवळ्या चिंध्या

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, पोराबाळांची खुशाली विचारली नाही. डोळे उघडले आणि म्हणाली, "बहावा फुलला का रे?" वैशाख सरत आला होता... मी म्हणालो, "न्हाई आक्का." "एक तुरा बी न्हाई?" मी मान हलवली. "मग चिंधी बांधू नको," एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर परभणीतल्या आमच्या घराजवळच्या बागेत तिनं एक रीत पाडली होती. फाटकाला पिशवी टांगलेली, तीत जुन्या साड्यांच्या चिंध्या. फिरायला येणाऱ्यांपैकी ज्याला पहिली पालवी दिसेल त्यानं हिरवी, पहिलं फूल दिसेल त्यानं पिवळी चिंधी तारीख घालून त्या झाडाला बांधायची. पावसाळ्यात ती त्या सोडून जपून ठेवायची. दरसालच्या चिंध्या शेजारी मांडल्या, की ऋतू कसे सरकायलेत ते आंधळ्यालाही कळावं. बायकांना मात्र चिंधी म्हणजे नवसच! कुणी लेकीच्या लग्नासाठी बांधून हात जोडायची आणि आक्काचा पारा चढायचा. "अगं बाई, हा देव न्हाई, झाड हाय! फूल नसताना बांधलीस तर खरं कसं कळावं?" मी म्हणायचो, आक्का, आता एक पुजारी ठेव. तीही हसायची आणि त्या चिंध्या सोडत बसायची.

गेल्या साली बहाव्याला जेमतेम चार तुरे आले, तेही वेळेआधी. तेव्हापासून तिचं हसणं गेलं. यंदा भर उन्हात बादल्या वाहून त्याला पाणी घालायची. आम्ही ओरडायचो, ती ऐकायची नाही. ऊन लागलं ते त्यातच.

तेरावं उरकून मी बागेत गेलो. फाटकातूनच बहावा पिवळाधमक दिसला. मी वेड्यासारखा पळत सुटलो... जवळ गेलो तर नुसत्या चिंध्या. आक्का बरी व्हावी म्हणून बायकांनी बांधलेल्या, एकीवरही तारीख नाही. नखानं साल खरवडली, आत हिरवं काहीच नव्हतं. मी तिथंच खाली बसून रडलो.

आता रोज सकाळी जातो, एकेक चिंधी सोडतो आणि तिच्याच पिशवीत टाकतो. गाठी फार घट्ट मारल्यात. काल एक बाई जवळ येऊन म्हणाली, "दादा, त्या तर गेल्या. ऱ्हाऊ द्या की. तेवढंच झाड फुलल्यावानी दिसायलंय."

"न्हाई फुललं ते," मी म्हणालो, आणि पुढची गाठ धरली.