ताईंचे बेगोनिया

कुठलंही पान हाती आलं की ताई ते मधल्या शिरेवर दुमडून बघत. मग ते जास्वंदीचं असो, आंब्याचं असो, की जेवणानंतर पुढे केलेलं विड्याचं. अर्ध्यावर अर्धं नीट बसलं की मान हलवत. ताई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिल्या.

बेगोनियाचं पान मात्र कधीच जुळत नसे. देठाच्या एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला आखूड. मी नवी नवरी असताना त्याला वाकडं म्हटलं, तेव्हा त्यांनी मला कुंडीपाशी नेलं. एक पान डावीकडे भरलं, की त्याच्या पुढचं उजवीकडे भरतं. "एकटं पाहिलं म्हणून वाकडं दिसते तुले," त्या म्हणाल्या.

नागपूरच्या मे महिन्यात बेगोनिया जगवणं हा निव्वळ हट्ट. ताईंकडे कूलर एकच. त्याच्यासमोर कुंड्या, आणि स्वतः पुढच्या खोलीत पंख्याखाली. झाडं गारव्यात अन् माणसं भट्टीत, असं तुमचे आजोबा चिडवत. ताईंचं उत्तर ठरलेलं असे: "तुले ऊन लागलं तर तू बोंबलतं तरी. थे बिचारं बोलते का?"

तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी समजावलं, की डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू म्हणून काही असतं हेच मेंदू विसरला आहे. ताटातली उजवीकडची भाजी संपे, डावीकडची कोशिंबीर तशीच राही. वर कोशिंबीर काहून केली नाही, असं त्या मलाच विचारत.

कुंड्या कुणाला तरी देऊन टाकू, असं आजोबांचं म्हणणं. ताई ऐकेनात. पाणी मीच घालीन, म्हणाल्या. खुर्चीत बसून झारीने घालत. उजवीकडच्या कुंड्यांना पुन्हा पुन्हा पाणी मिळून मुळं कुजली; डावीकडच्या वाळल्या. मी कुंड्या उजवीकडे सरकवत राहिले.

एकदा त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि समोरचं पान काढलं. उजवी बाजू शिरांसकट हुबेहूब. मधल्या शिरेपाशी हात थांबला. "झालं पुरं," म्हणून कागद भावाच्या हातात दिला. कुंड्या देण्याची गोष्ट आजोबांनी पुन्हा काढली नाही. पण त्या उन्हाळ्यात एकही झाड टिकलं नाही.

ताई डिसेंबरात गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. पांघरुणावर चाचपडताना त्यांच्या उजव्या हाताला त्यांचाच डावा हात लागला. त्यांनी तो बोटांनी ओळखून पाहिला.

"हा हात कोणाचा वं, सुधे? कवाचा गार पडून आहे."

मी म्हटलं, "माझा आहे, ताई."

"मंग सांगत काहून नाही," त्या म्हणाल्या, आणि आपली शाल ओढून त्यांनी तो हात झाकला.