दोन बोटं खाली

माझी जीभ नेहमी माझ्या आधी धावते. त्या साली ती माझ्या चुलत्यांवर धावली.

आम्ही नवरा-बायको दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलो. ज्वारी पेरून झाली होती, पण दुकानात डीएपी खत उशिरा आलं. ते रानात टाकायचं काम नानांवर, म्हणजे चुलत्यांवर सोपवलं. नाना जन्मभर मेंढरांमागे फिरलेले, शेती त्यांना लांबूनच ठाऊक. त्या हिवाळ्यात पावसाचा थेंब पडला नाही. फाल्गुनात परतलो, तर शेजाऱ्याच्या ज्वारीत माणूस लपेल आणि आमची गुडघ्याएवढी.

पारावर चार माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोरच मी विचारलं, "नाना, खत कुणाला इकलं?"

नानांनी काठी उचलली आणि चालू लागले. त्या दिवसापासून ते आमच्या घरी जेवायला आले नाहीत.

काढणीनंतर बायको रानात धसकटं वेचत होती. तिने मला हाक मारली. तिच्या तळहातावर खताचे दाणे होते. मातीच्या पापुद्र्याखाली ते तसेच पडून होते, आणि उकरावं तिथे सापडत होते. दाण्याला लागून तेवढी माती जराशी रंग बदललेली. ज्वारीची मुळं मात्र दोन बोटं खालून निघून गेली होती. मला लाज वाटली आणि, खोटं कशाला सांगू, लगेच नवलही वाटलं. चार महिने हा दाणा इथे करत काय होता?

तालुक्याला माती तपासणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना गाठलं. त्या म्हणाल्या, मातीच्या कणांना पाण्याचा पातळ थर असतो. त्यातून खत जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे आपोआप सरकतं. माती सुकली की वाट तुटते. त्यात डीएपीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीला असं चिकटतं, की ओलीतसुद्धा बोटभर जात नाही. म्हणून ते पेरतानाच बियाजवळ पडायला हवं. शेजाऱ्याने घरातलं शिल्लक खत पेरतानाच दिलं होतं.

मला नुसतं ऐकून भागत नाही. मेंढरांचे खूर धुवायचं जांभळं औषध आणलं. दोन ताटल्यांत काळी माती घेतली, एक कोरडी, एक ओली. दोन्हींत औषधाचा एकेक खडा ठेवला. कोरड्यातला खडा खडाच राहिला. ओल्यात मात्र कुणी न हलवता संध्याकाळपर्यंत चिंचोक्याएवढा डाग पसरला. मी दिवसभर उकिडवा बसून होतो. बायको म्हणाली, अंडी उबवताय का?

ताटल्या आणि दाणे घेऊन मी माळावर नानांच्या मेंढवाड्यात गेलो. पाय धरले, चुकलो म्हणालो. मग राहवेना म्हणून खत कसं टाकलं ते विचारलं. त्यांनी वरूनच फोकलं होतं. मेंढरांच्या लेंड्या वरच पडतात, त्या कुणी पेरत नाही, तरी पीक येतं. हेही तसंच असेल, असं त्यांना वाटलं होतं.

नानांनी ताटल्या बराच वेळ निरखल्या. "खत चार म्हैन्यांत जागचं हललं न्हाई," ते म्हणाले. "तुजं बोलणं मातर पंधरा दिसांत पार मांजरसुंब्याच्या बाजारात पोचलं. आता तितं जाऊन सांग."

मी गेलो. चहाच्या टपरीवर दाणे दाखवले, ताटल्या मांडल्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एकाने कप खाली ठेवला आणि विचारलं, "ते समदं खरं हाय. पर त्यानं खत इकलं कुणाला?"